धुराची वाट आणि घरातली ऊब

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी माझ्या भाचीचा दूरध्वनी आला. तिचे यजमान नोकरीनिमित्त हिमाचल प्रदेशात असतात आणि आता शिमल्याच्या वरच्या अंगाला, सुमारे सात हजार फूट उंचीवर, त्या दोघांनी स्वतःचे लहानसे घर बांधावयास घेतले आहे. घरात माणसे चार : ती दोघे, दोन वर्षांचा मुलगा आणि दम्याचा विकार असलेल्या वृद्ध सासूबाई. हिवाळ्यात तेथे बर्फ पडते आणि बर्फ पडले की वीज जाते, ती कधी एक दिवस, तर कधी तीन दिवस परत येत नाही. म्हणून घर उबदार ठेवण्यासाठी लाकडावर चालणारी काहीतरी सोय करावी, असे त्यांनी ठरविले. दुकानदाराने तीन-चार प्रकारच्या शेगड्यांची चित्रे दाखविली होती. भाची म्हणाली, "मामा, तुमचा जन्म अभियंत्याच्या कामात गेला. यांतली कोणती घेऊ ते तुम्हीच सांगा."

मी तिला उलट विचारले, "धूर कोठून जाणार, हे ठरले आहे का?" ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "ते मिस्त्री बघेल की!"

आजचे हे भाषण त्या उत्तरामुळे सुचले. लाकडाची ऊब घरात आणू पाहणारा बहुतेक प्रत्येक जण प्रथम शेगडी निवडतो, मग तिच्यासाठी जागा शोधतो, मग धुराड्याचा विचार करतो आणि सर्वांत शेवटी सरपणाचा. हा क्रम नेमका उलटा हवा. सरपण, धुराडे, खोली आणि मग शेगडी, या क्रमाने जो विचार करील त्याची निवड बहुधा चुकणार नाही. असे का, हे आपण थोडे विस्ताराने पाहू.

प्रथम आपल्या घरातलीच एक वस्तू आठवू या. ग्वाल्हेर असो, इंदूर असो की बडोदे, जुन्या मराठी घरांतून न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. आज तो बहुतेक ठिकाणी माळ्यावर गेला आहे, किंवा दिवाणखान्यात शोभेसाठी चकाकत उभा आहे. परंतु लाकडाच्या उष्णतेचे सारे शास्त्र त्या बंबात साठविलेले आहे. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीखालून हवा आत येण्याची वाट आणि नळीभोवती पाणी. वाळक्या ढलप्या टाकून जाळ नीट लागला की नळीतून घुमल्यासारखा आवाज येऊ लागे आणि धूर जवळजवळ दिसेनासा होई. तोच बंब पावसाळ्यात ओल्या लाकडांनी पेटविला की सारे न्हाणीघर धुराने भरे, डोळे चुरचुरत आणि पाणी काही तापत नसे. बंब तोच, पेटविणारा तोच. मग फरक कशामुळे पडला?

तो पडला लाकूड जळण्याच्या रीतीमुळे. लाकूड एकदम जळत नाही, ते तीन पायऱ्यांनी जळते. पहिल्या पायरीवर त्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते. दुसऱ्या पायरीवर लाकूड तापून त्याचे वायू होतात. आपण ज्याला ज्वाळा म्हणतो, ती या वायूंची ज्वाळा होय. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक भाग अशा रीतीने वायुरूप होतो आणि लाकडातील निम्म्याहून अधिक उष्णता त्यातच असते. तिसऱ्या पायरीवर उरलेला कोळसा निखारा होऊन शांतपणे जळतो. आता मुख्य गोष्ट अशी की, हे वायू पूर्णपणे जळण्यास सुमारे सहाशे अंश सेल्सियसची धग आणि पुरेशी हवा, ही दोन्ही एकाच वेळी मिळावी लागतात. ती मिळाली नाहीत तर वायू न जळताच निसटतात. आपण ज्याला धूर म्हणतो, तो पुष्कळ अंशी हे न जळलेले सरपणच होय. धूर दिसला की समजावे, आपली लाकडे धुराड्यावाटे बाहेर चालली आहेत.

ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे दहा किलो लाकूड आपण जाळले, तर त्यात खरे लाकूड पाच किलो. त्यातून सुमारे पंचवीस युनिट उष्णता मिळावी. (वीजबिलात आपण जे युनिट मोजतो, तेच हे युनिट.) उरलेल्या पाच किलो पाण्याची वाफ करण्यात यातील सुमारे साडेतीन युनिट खर्ची पडतात. नुकसान एवढेच असते तर ते सोसले असते. परंतु त्या वाफेमुळे आगीची धग उतरते, वायू पेटण्याइतकी ती वर चढतच नाही आणि मग उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा धुराबरोबर निघून जातो. ओल्या लाकडाचा खरा तोटा हा आहे. उलट फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा खेळता ठेवून वर्ष-दोन वर्षे वाळविलेल्या लाकडात पाण्याचा अंश विसांत चार भागांच्या, म्हणजे वीस टक्क्यांच्या, आसपास येतो. अशा एक किलो लाकडापासून सुमारे चार युनिट उष्णता मिळते. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून घरगुती वापरासाठी लहान प्रमाणात विकले जाणारे लाकूड वीस टक्क्यांहून अधिक ओले असू नये, असा कायदाच झालेला आहे.

लाकूड वाळले की नाही, हे ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. वाळलेल्या ढलपीच्या टोकाला भेगा पडलेल्या असतात, साल सुटू लागलेली असते आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो. ज्यांना नेमका आकडा हवा, त्यांच्यासाठी ओलावा मोजण्याचे लहानसे यंत्र बाजारात मिळते. मात्र ते ढलपी नव्याने फोडून आतल्या बाजूला लावावे.

म्हणून मी भाचीला पहिला प्रश्न विचारला तो असा : "दोन हिवाळ्यांचे सरपण कोरडे ठेवण्याइतकी जागा घराला आहे काय? आणि ते येणार कोठून?" त्या टापूत सफरचंदाच्या बागा आहेत. दरवर्षी थंडीत झाडांची छाटणी होते आणि ते लाकूड जळणाला चांगले. तेथील बान नावाचे ओक जातीचे लाकूड जड असते, त्याचे निखारे दीर्घकाळ टिकतात. परंतु ते झाड सावकाश वाढते आणि डोंगराचे पाणी धरून ठेवणारी रानेही त्याचीच आहेत. चीड किंवा देवदार झटकन पेटतो. पण त्यात राळ असते. ते अर्धवट जळाले तर काजळी फार धरते. तेव्हा छाटणीचे लाकूड मुख्य, पेटवणाला थोडे चीड आणि उभ्या रानाला हात लावावयाचा नाही, असे ठरले.

आता धुराड्याकडे वळू. धुराडे ही शेगडीला जोडलेली नुसती नळी नव्हे. सारी यंत्रणा ओढून नेणारा बैल तोच आहे. गरम वायू हलका असतो, म्हणून तो वर चढतो. तो वर चढला की त्याची जागा घेण्यासाठी खालून ताजी हवा शेगडीत शिरते आणि विस्तव फुलतो. बंबाचे घुमणे म्हणतो ते हेच. ही ओढ दोन गोष्टींवर अवलंबून असते : धुराडे किती उंच आहे आणि त्यातील वायू किती गरम राहतो. धुराडे भिंतीबाहेरून थंडीत उघडे नेले तर वायू वाटेतच थंड होतो, ओढ मंदावते आणि धूर खोलीत परततो. म्हणून ते शक्यतो घराच्या आतून, सरळ, कमीत कमी वळणे देऊन न्यावे. छपराबाहेरचा भाग तरी दुहेरी भिंतीचा, मध्ये उष्णतारोधक द्रव्य भरलेला असावा. त्याचे टोक छपरातून निदान तीन फूट वर आणि दहा फुटांच्या आत असलेल्या कोणत्याही उंचवट्यापेक्षा निदान दोन फूट वर यावे, असा संकेत आहे.

थंड धुराड्याचा दुसरा धोका याहून गंभीर आहे. न जळलेले वायू थंड नळीच्या आत थिजतात आणि त्यांचा डांबरासारखा काळा थर बसतो. महिनोन्महिने तो साचत जातो आणि एखाद्या दिवशी जाळ मोठा झाला की तो थरच पेटतो. मग साऱ्या धुराड्यालाच आग लागते. पहाडातल्या घरांची छते आणि भिंती देवदाराच्या फळ्यांच्या असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आगीचा अर्थ सांगावा लागत नाही. यास्तव पत्र्याची एकेरी नळी लाकडी भागापासून निदान दीड फूट आणि शेगडी निदान तीन फूट दूर ठेवावी. छतातून नळी जाते तेथे तर विशेष काळजी घ्यावी. तिच्याभोवती न जळणारे कडे बसविल्याशिवाय नळी लाकडातून मुळीच नेऊ नये. वर्षातून एकदा, हिवाळ्यापूर्वी, धुराडे ब्रशाने झाडून काढावे. रोज शेगडी पेटत असेल तर मधे आणखी एकदा.

या बाबतीत आपल्या देशाने एक अनुभव घेतलेला आहे. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची बिनधुराची चूल तयार केली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तिकाही लिहिली. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगनचूल निघाली होती. पुढे १९८० नंतरच्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि लक्षावधी चुली घरोघर बसविल्या. परंतु पुष्कळ ठिकाणी काही वर्षांतच नळ्या तुंबल्या, फुटल्या आणि गृहिणी पुन्हा जुन्या तीन दगडांकडे वळल्या. पुष्कळ चुलींची रचना चांगलीच होती. पण नळी साफ कोणी करावयाची, तिच्यावर हात पोचतो का आणि ती फुटल्यास नवी कोठे मिळेल, यांची उत्तरे घराघरांतून नव्हती. म्हणून धुराडे निवडताना ते झाडण्यासाठी माणूस कोठे उभा राहील, हेही ठरवून ठेवावे.

आता शेगडीचे प्रकार पाहू. शिमला, मसुरी येथील साहेबांच्या जुन्या बंगल्यांतून भिंतीत बांधलेली उघडी शेकोटी दिसते. चित्रपटांमुळे ती आपल्या ओळखीची आहे आणि भाचीच्या मनातही प्रथम तीच होती. ती दिसते सुंदर, यात शंका नाही. परंतु तिच्यातून लाकडाची दहा-पंधरा टक्केच उष्णता खोलीला मिळते. शिवाय तिचे रुंद तोंड खोलीतली तापलेली हवाच ओढून बाहेर फेकते, आणि दारा-खिडक्यांच्या फटींतून थंड हवा आत येते. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ साली या शेकोटीचा घसा अरुंद करून आणि बाजू तिरक्या करून पुष्कळ सुधारणा सुचविल्या. तरीही मूळ दोष राहिलाच. समोर बसणाऱ्याची छाती भाजते आणि पाठ गारठते.

दुसरा प्रकार बंद शेगडीचा. काश्मिरातली बुखारी हा त्याचा ओळखीचा नमुना. पत्र्याचे नळकांडे, त्याला दार आणि वर नेलेली नळी. हिमाचलात, विशेषतः किन्नौर, लाहौल-स्पिती आणि वरच्या शिमल्याच्या भागात, अशाच पत्र्याच्या शेगडीला तंदूर म्हणतात. रोटी भाजण्याच्या आपल्या परिचयातल्या तंदूरशी तिचा संबंध नाही. तिच्या सपाट माथ्यावर चहा होतो, डाळ शिजते आणि सारे कुटुंब तिच्याभोवती बसून हिवाळा काढते. आत येणारी हवा दाराने नियंत्रित होते, म्हणून उघड्या शेकोटीपेक्षा ती कितीतरी काटकसरीची. मात्र पातळ पत्रा जसा चटकन तापतो तसाच चटकन निवतो. त्याऐवजी बिडाची किंवा जाड पोलादाची, आतून भट्टीच्या विटा लावलेली शेगडी घेतली तर आतली धग टिकते आणि ज्वाळेच्या वरच्या भागात गरम हवा दुसऱ्यांदा सोडण्याची सोय असली तर निसटणारे वायूही तेथेच जळून जातात. अशा चांगल्या शेगडीतून सत्तर टक्के वा त्याहून अधिक उष्णता घरात राहते.

तिसरा प्रकार विटा-दगडांच्या अवजड शेगडीचा. स्वीडनमध्ये अठराव्या शतकात लाकडाची टंचाई जाणवू लागली, तेव्हा सरकारच्या सांगण्यावरून कार्ल युहान क्रोनस्टेड्ट आणि फाबियन व्रेडे यांनी १७६७ मध्ये एक नवी शेगडी सिद्ध केली. तीत धूर सरळ वर न जाता विटांच्या मार्गांतून खाली-वर फिरविला जातो आणि आपली उष्णता त्या विटांना देऊन मगच बाहेर पडतो. दिवसातून एकदा-दोनदा मोठा, झगझगीत जाळ करावयाचा आणि विस्तव पूर्ण विझल्यावर वाट बंद करावयाची. मग ते विटांचे धूड बारा-बारा तास मंद ऊब देत राहते. जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया आणि फिनलंड येथेही याच तत्त्वाच्या शेगड्या आहेत. काश्मिरातील हमामाची फरसबंदी जमीनही या तत्त्वाची जवळची नातलग. तेथे दगडी फरशीखालच्या पोकळीत लाकडे जळतात आणि बसणाऱ्यांना जमिनीतूनच ऊब मिळते. जाळ नेहमी मोठा असल्यामुळे यात धूर कमी आणि काजळीही कमी. शास्त्राच्या दृष्टीने मला हा प्रकार सर्वांत निर्दोष वाटतो.

तरीही मी भाचीला तो सुचविला नाही. अशी शेगडी एक टनापासून कित्येक टनांपर्यंत वजनाची असते. तिला स्वतंत्र पाया लागतो आणि ती बांधणारा जाणता गवंडी लागतो. शिवाय तो सारा डोंगर भूकंपाच्या पट्ट्यातला. १९०५ साली कांगड्याच्या भूकंपात सुमारे २०,००० माणसे दगावली. अशा ठिकाणी उंच विटांचा सुटा मनोरा झोपण्याच्या खोलीलगत उभा करणे, हे पक्के पोलादी बंधन आणि जाणकार अभियंता यांच्यावाचून धाडसाचे आहे. जे दुसऱ्या देशात उत्तम ठरले, ते आपल्या जमिनीवर ठेवण्यापूर्वी आपली जमीन कशी आहे, हे पाहिलेच पाहिजे.

चौथा प्रकार म्हणजे लाकडाच्या भट्टीवर पाणी तापवून ते नळ्यांवाटे प्रत्येक खोलीत फिरविणे. मोठ्या घरांना तो सोयीचा. पण पाणी फिरविणारा पंप विजेवर चालतो आणि आपला प्रश्न तर वीज गेल्यावर काय, हाच आहे. भट्टी धगधगत असताना पंप थांबला तर पाणी उकळून नवेच संकट उभे राहते. दाबलेल्या भुश्श्याच्या गोळ्यांवर चालणाऱ्या यंत्रांनाही वीज हवीच. म्हणून हे दोन्ही प्रकार बाजूस ठेवले.

आता प्रश्न उरला आकाराचा. येथे मोठी चूक होते ती "मोठी घेतली तर बरे" या विचाराने. भाचीची बसण्याची खोली सोळा फूट लांब, चौदा फूट रुंद आणि नऊ फूट उंच, म्हणजे सुमारे सत्तावन्न घनमीटर. खोलीच्या फटी बुजविलेल्या आणि छत झाकलेले असेल, तर साधारण हिशेब असा की, घनमीटरांना चौदाने भागावे. येणारा आकडा तितक्या किलोवॅटचा. म्हणजे येथे चार किलोवॅटची शेगडी पुरे. तीऐवजी दहा किलोवॅटची घेतली तर काय होईल? अर्ध्या तासात खोली तापेल, माणसे घामेजतील, हवेचे दार बंद करून विस्तव दाबतील आणि दिवसभर लाकूड धुमसत राहील. धुमसणे म्हणजे धूर, काजळी आणि डांबर. लहान शेगडी मोकळ्या जाळाने चालविणे हे मोठी शेगडी दाबून चालविण्यापेक्षा सर्वार्थाने श्रेयस्कर.

या शेगडीला लाकूड किती लागेल, तेही पाहू. चार किलोवॅटने आठ तास, म्हणजे रोज बत्तीस युनिट. शेगडीची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तर रोज सुमारे साडेअकरा किलो वाळके लाकूड आणि चार महिन्यांच्या हिवाळ्याला सुमारे चौदाशे किलो. हीच ऊब पंधरा टक्क्यांच्या उघड्या शेकोटीतून मिळवावयाची तर रोज त्रेपन्न किलो लागेल! हा आकडा ऐकल्यावर भाचीच्या मनातली बंगल्याची शेकोटी आपोआप विझली.

या हिशेबातून एक जुने शहाणपणही स्पष्ट होते. पहाडी लोक हिवाळ्यात सारे घर तापवीत नाहीत. एक खोली नीट तापवितात आणि सारे तेथे राहतात. दगड आणि लाकूड यांच्या आलटून-पालटून रचलेल्या भिंतींची त्यांची जुनी घरे, लहान खिडक्या आणि खालच्या मजल्यावर गुरे, या साऱ्यांत उष्णता राखण्याचाच विचार दिसतो. नव्या घरात सिमेंटच्या पातळ भिंती आणि मोठमोठ्या काचा घालून मग शेगडीवर खर्च करणे, हे गळक्या घागरीत पाणी भरण्यासारखे आहे. आधी छताला अस्तर, फटींना पट्टी, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत, आणि मग शेगडी.

श्रोतेहो, यापुढचा भाग मात्र केवळ पहाडातल्या लोकांसाठी नाही. तो आपणा सर्वांसाठी आहे.

मी लहान असताना आम्ही लष्करमध्ये एका जुन्या वाड्यात राहत होतो. ग्वाल्हेरची थंडी आपणांस ठाऊक आहेच. एका रात्री आमच्या आत्याबाईंनी कोळशाची शेगडी अंगणात फुलविली, धूर पूर्णपणे निघून जाऊ दिला आणि लालबुंद निखारे झाल्यावर ती आपल्या खोलीत नेऊन दार-खिडक्या लावून घेतल्या. "धूर गेला म्हणजे धोका गेला," अशी त्यांची समजूत. साऱ्या वाड्याचीही तीच होती. पहाटे त्या कशाबशा दाराची कडी काढून बाहेर आल्या आणि अंगणात कोसळल्या. डोके फुटेल असे दुखत होते, उलट्या होत होत्या, पाय चालत नव्हते. दार गाठण्याइतकी शुद्ध राहिली म्हणून त्या वाचल्या. वाड्यातल्या कोणी दृष्ट काढली, कोणी पित्त झाले म्हटले. खरे कारण मला पुढे महाविद्यालयात गेल्यावर कळले.

ते कारण कार्बन मोनॉक्साइड हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. हवा अपुरी पडली की निखाऱ्यांतून तो निघत राहतो आणि धूर नसलेले निखारे त्याचे मोठे उगमस्थान आहेत. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे माणूस श्वास घेत असूनही आतल्या आत गुदमरतो आणि झोपेतला माणूस जागाही होत नाही. उत्तर हिंदुस्थानात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी घेऊन निजलेली कुटुंबे सकाळी उठलीच नाहीत, अशा वार्ता वर्तमानपत्रांत येतात. त्या वार्तांतला प्रत्येक मृत्यू टाळता आला असता.

म्हणून ग्वाल्हेर, इंदूर, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्यांना माझे सांगणे असे की, आपली थंडी थोड्या आठवड्यांची आहे. तिच्यासाठी घरात लाकडाची यंत्रणा बसविण्याचे कारण नाही. रजई, लोकरीचे कपडे, दुपारचे ऊन आणि फार तर विजेचे साधन एवढे पुरते. शेकोटी करावयाची ती अंगणात करावी. धुराडे नसलेली कोणतीही शेगडी, लाकडाची असो वा कोळशाची, निजण्याच्या खोलीत नेऊ नये. खिडकी किलकिली ठेवली म्हणजे भागते, हाही भरवसा धरू नये.

पहाडातल्या घरात धुराड्याची शेगडी असली तरी हा धोका सर्वस्वी जात नाही. एक किलो लाकूड जळण्यास निदान पाच घनमीटर हवा लागते, व्यवहारात जवळजवळ त्याच्या दुप्पट. ती हवा येण्यासाठी शेगडीजवळ भिंतीत बाहेरून येणारी वाट ठेवलीच पाहिजे आणि थंडी वाजते म्हणून तिच्यात कापड कोंबू नये. रात्री निजताना विस्तव दाबून धुमसत ठेवू नये. तो मोकळेपणी जळून जाऊ द्यावा आणि निखारे असेपर्यंत धुराड्याची झडप बंद करू नये. या वायूची सूचना देणारे लहानसे यंत्र हल्ली मिळते. तो वाढला की ते कर्कश आवाज करते. ज्या घरात विस्तव आहे त्या घरात ते असलेच पाहिजे. ते घड्याळासारखे शोभेसाठी नाही. त्याची बॅटरी वेळेवर बदलावी.

शेवटी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कितीही चांगली शेगडी घेतली तरी लाकडाचा धूर संपूर्णपणे नाहीसा होत नाही. त्यातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. थंडीच्या दिवसांत दरीत हवा कोंडून राहते, तेव्हा आपल्या धुराड्यातला धूर शेजाऱ्याच्या खिडकीत शिरतो. ज्या घरात दम्याचे माणूस आणि लहान मूल आहे, तेथे हा विचार अधिकच महत्त्वाचा. म्हणून मी भाचीला असे सुचविले की, वीज असेल तेव्हा विजेवर चालणाऱ्या उष्मायंत्राने घर तापवावे आणि लाकडाची शेगडी कडाक्याच्या संध्याकाळी व वीज गेल्यावर वापरावी. सासूबाईंचा पलंग शेगडीच्या खोलीलगतच्या, पण दाराने वेगळ्या होणाऱ्या खोलीत ठेवावा. शेगडीचे दार उघडण्यापूर्वी हवेची वाट क्षणभर पूर्ण मोकळी करावी, म्हणजे धूर खोलीत न येता वर ओढला जातो. आणि मुलासाठी शेगडीभोवती पक्के कुंपण घालावे.

या साऱ्या चर्चेनंतर घराच्या नकाशात फेरबदल झाला. आधी एका कोपऱ्यात दाखविलेली शेगडी आता घराच्या मध्यभिंतीशी आली, म्हणजे धुराडे आतून सरळ वर जाईल आणि त्याची ऊब दोन्ही खोल्यांना लाभेल. छपरावर चढण्यास पक्की शिडी आली. घराच्या पूर्वेस सरपणाची पडवी आली आणि शेगडी अद्याप विकत घेतलेली नसतानाच तिच्यात सफरचंदाच्या छाटणीच्या मोळ्या रचल्या जाऊ लागल्या. शेगडी ठरली ती बिडाची, विटांचे अस्तर असलेली, चार किलोवॅटची. दुकानदाराने दाखविलेल्या चित्रांपैकी सर्वांत लहान.

परवा भाचीचा पुन्हा दूरध्वनी आला होता. म्हणाली, "मामा, मिस्त्री विचारीत होता, शेगडी केव्हा येणार? मी सांगितले, लाकडे वाळली की येईल."

तिला आता माझ्या सल्ल्याची गरज उरलेली नाही.